जरासा दुखतंय

माघातल्या दुपारी बनूबाईच्या अंगणात ओल्या वालाच्या शेंगा सोलायला बायका जमल्या, की बोलणं फिरून फिरून बाळंतपणावर यायचं आणि बनूबाई आपली ठेवणीतली गोष्ट काढायची. बदलापूर गावात ती गोष्ट ऐकली नाही अशी बाई नव्हती. तरी दरवर्षी कुणीतरी मुद्दाम विचारायचं आणि बनूबाई मुद्दाम "जाऊ दे गो, किती येला सांगू," म्हणून सांगायला सुरुवात करायची.

"हिरामणच्या टायमाला मी सकाळपासना आवणात होते," ती सांगे. "गुडघाभर चिखलात लावणी करत होते. दुपारी घरी आले, चुलीवर भात ठेवला आन् खोलीत गेले. भात उतरायच्या आत पोर बाहेर! हूं नाय केला का चूं नाय केला. या रखमाला विचारा."

शेजारची रखमाबाई लगेच साक्षीला तयार. "खरा हाय. मी भिंतीपल्याड होते. पोर रडला तवा मना कळला. तोवर मना वाटला का बनू झोपली."

बायका हसत, माना डोलवत. कुणाचं घर भजनासाठी नावाजलेलं असतं, कुणाचं कुस्तीसाठी. बनूबाईचं घर सोसण्यासाठी नावाजलेलं होतं. तिच्या नवऱ्याच्या, बाळाजीच्या पायावर कोयता बसला, बोट लोंबायला लागलं, तेव्हा त्याने पाय फडक्यात गुंडाळला आणि बायकोला सांगितलं, "जरासा लागला." त्या घरात दुखण्याची मापं ठरलेली होती. "काय नाय" म्हटलं की समजायचं, काहीतरी आहे. "जरासा" म्हटलं की समजायचं, आता गाडी बघा. त्याच्या वरचा शब्द त्या घरात नव्हताच.

आता या गोष्टीतला एक तुकडा बनूबाई कधीच सांगत नसे. खोलीत गेल्यावर पहिल्या मोठ्या कळेला ती ओरडणारच होती. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तिच्या सासूने तिच्याच पदराचा बोळा करून तिच्या तोंडात कोंबला. "ओटीवर पुरुष बसलेत, लाज नाय?" म्हणाली. बनूबाईने तो बोळा इतका चावला की दाढेचा टवका उडाला. पुढच्या दोन बाळंतपणांत सासूला कोंबावा लागला नाही, बनूबाईने स्वतःच तो तोंडात घेतला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पण काय असतं, माराची गोष्ट आपणच दहादा शौर्याची म्हणून सांगितली, की अकराव्यांदा आपल्याला स्वतःलाही ती शौर्याचीच वाटते. बनूबाईचं तसंच झालं होतं.

त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याऐंशी साली, अंगणात शेंगा सोलायला तिची सूनही बसली होती. राजी. सातवा संपून आठवा लागलेला.

राजी अंबरनाथ पश्चिमेची. बाप फॅक्टरीत फिटर, घरात चार बहिणी, सगळ्या तोंडाळ. हसल्या तर चाळीच्या टोकापर्यंत ऐकू जाव्यात आणि भांडल्या तर त्याच्याही पुढे. लग्न होऊन आली तेव्हा राजीही तशीच होती. पहिल्याच महिन्यात तव्यावर हात भाजला, तर "आई गं, मेले मेले!" करून तिने सगळं घर गोळा केलं. बनूबाईने हातावर थंड पाणी ओतलं, पण ओतता ओतता म्हणाली, "एवढा काय झाला गो? शेजारी काय म्हणतील? आपल्या घरात नाय कोन ओरडत." तेवढंच. मारलं नाही, टाकून बोलली नाही. पण असं "तेवढंच" दोन वर्षं रोज ऐकलं की माणूस बदलतो. आता राजीला विंचू चावला असता तरी तिने आधी आजूबाजूला कोण आहे ते पाहिलं असतं. गावात तिचं नाव झालं होतं. सोशिक सून! बनूबाईला त्याचा फार अभिमान होता.

राजीची आई वारलेली, म्हणून पहिलं असूनही बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. गावच्या सुईणीला आता दिसत नव्हतं. हिरामण उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये एका सिंधी शेठच्या फर्निचरच्या दुकानात पॉलिश करायचा. शेठ म्हणाला, "अरे साईं, जमाना बदल गया. घर पे मत कराओ. इधर ही दवाखाना है, मैं बोल देता हूँ." दुकानाच्या मागच्या गल्लीत एक लहानसं प्रसूतिगृह होतं, तिथे नाव घातलं.

चैत्रात एका सकाळी राजीच्या कमरेत कळ आली. हिरामणने दूधवाल्याचा टेम्पो थांबवला आणि आई, बायको, गोधडी, थर्मास सगळं त्यात घालून नऊ वाजेपर्यंत कॅम्प एकला आणलं. बायकांच्या खोलीत पुरुषांना मज्जाव, म्हणून तो खाली फुटपाथवर उभा राहिला.

वर एका खोलीत सहा खाटा. राजीच्या शेजारच्या खाटेवर एक सिंधी मुलगी होती, ईश्वरी नावाची, तीही पहिलटकरीण. उशाशी तिची आई, जेठीबाई. ईश्वरी कळ आली की भिंती हलतील अशी ओरडायची. "अमां! ओ अमां!" आणि जेठीबाई तिला गप्प करायची सोडून तिच्याबरोबर स्वतःच रडायची, तिचे केस मागे सारायची, "रो ले बच्ची, रो ले," म्हणायची. बनूबाईला हे सगळं बघून शरम वाटली. आईच अशी, तर पोरगी कशी असणार!

सुंदराबाई आया आली आणि ईश्वरीवर खेकसली, "ओरडू नकोस गं, डोकं उठवलंस. तुम्हा सिंधी बायकांचं हे नेहमीचंच नाटक." त्यापुढे ती जे बोलली ते वाक्य अशा खोल्यांमधून असंख्य बायकांनी ऐकलेलं आहे. ते इथे लिहिण्याजोगं नाही.

कुंदा सिस्टर आदल्या दिवशीपासून ड्यूटीवर होती. बदलीची आली नव्हती. डोळे लाल, पायात सूज. बाई वाईट नव्हती, थकलेली होती, आणि थकलेल्या माणसाला जो आवाज बंद आहे तो फार प्रिय असतो. तिने राजीला तपासलं, "वेळ आहे अजून," म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे वळली.

अकराच्या सुमाराला राजीचा चेहरा बदलला. आधी कळ यायची आणि जायची, मध्ये ती दोन घोट चहाही प्यायली होती. आता कळ आली ती गेलीच नाही. राजीने सासूचा हात धरला. सासूला ती आत्या म्हणे.

"आत्या, जरासा दुखतंय."

या घरात जरासा म्हणजे काय ते तिला नाही तर कुणाला ठाऊक! तिने राजीच्या पोटाला हात लावला. पोट दगड झालं होतं. क्षणभर तिला वाटलं, उठावं, सिस्टरला सांगावं. पण तेवढ्यात शेजारी ईश्वरीने टाहो फोडला, सुंदराबाई धावत आली आणि बनूबाईने आपल्या सासूने केलं तेच केलं. राजीच्या पदराचा बोळा केला आणि तिच्या हातात दिला. "दातात धर. होतंय, होतंय."

राजीने धरला.

जेठीबाई मुलीचे केस सारता सारता राजीकडे बघत होती. ती उठून आली. "बहन, तेरी बहू को जादा तकलीफ है. शकल तो देख, पीली पड़ गयी. मुँह से कपड़ा निकाल, रोने दे उसको."

बनूबाईच्या मस्तकात तिडीक गेली. जिची पोर सकाळपासून खोली डोक्यावर घेतेय ती आपल्याला शिकवणार? "आमच्यात नाय ओरडत," ती म्हणाली आणि तोंड फिरवलं. जेठीबाईला मराठी फारसं येत नव्हतं, पण तोंड फिरवणं सगळ्या भाषांत सारखंच असतं. ती परत आपल्या जागी गेली.

बारा वाजता कुंदा सिस्टर फेरीला आली. ईश्वरीच्या ओरडण्याने तिचं डोकं फुटायला आलं होतं. राजीच्या खाटेशी येऊन तिने विचारलं, "काय गं, किती दुखतंय?"

राजीने बोळा काढला. "जरासा," म्हणाली.

सिस्टरने कागदावर काहीतरी लिहिलं. जे ऐकलं ते लिहिलं. तिच्या घरात जरासं म्हणजे जरासंच होतं. मग ती ईश्वरीकडे वळून म्हणाली, "बघ, बघ या मुलीकडे. तुझ्याच वयाची आहे. शीक जरा काहीतरी!" आणि बनूबाईला म्हणाली, "मावशी, सून गुणाची आहे हो तुमची."

इथे बनूबाईने बोलायला हवं होतं. "सिस्टर, हात लावून बघा," एवढे चार शब्द. तिच्या ओठावर ते आलेही होते. पण गावाबाहेर, शिकलेल्या बाईच्या तोंडून, साऱ्या खोलीदेखत तिच्या घराचं कौतुक होत होतं. जन्मात पहिल्यांदा. बनूबाई लाजल्यासारखी हसली आणि गप्प बसली.

दोन वाजता सिस्टरने राजीच्या पोटावर हात ठेवला आणि हात तसाच ठेवून ओरडली, "डॉक्टरांना बोलवा!" मग काय धावपळ झाली ती बनूबाईला नीट आठवत नाही. तिला बाहेर काढलं. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, मूल बाहेर यायच्या आधीच वार आतल्या आत सुटली होती. मुलगा होता. पूर्ण वाढलेला. सून वाचली, तीही नशिबाने, दोन बाटल्या रक्त लागलं. "दोनेक तास आधी कळलं असतं तर मूलही हाताला लागलं असतं. तिने काही सांगितलं नाही?"

"नाय," बनूबाई म्हणाली. ते खोटं होतं. तिने सांगितलं होतं. सासूला सांगितलं होतं.

ईश्वरीला त्याच दुपारी मुलगी झाली. ओरडत ओरडत, पण झाली. तिच्याही ओरडण्याकडे खरं तर कुणी लक्ष दिलं नव्हतं. नाटक म्हणून सोडून दिलं होतं. ती सुखरूप सुटली यात सिस्टरचं कर्तृत्व काही नाही. एक ओरडते म्हणून तिचं खरं नाही आणि एक ओरडत नाही म्हणून तिला काही नाही, असा त्या खोलीचा न्याय होता. आपल्या घराघरांतूनही याहून वेगळा न्याय असतो असं मला तरी दिसलेलं नाही.

राजी घरी आली. भेटायला बायका आल्या, पदर डोळ्यांना लावून बसल्या. राजीने त्यांना पाणी दिलं, चहा दिला. दूध भरून छाती तटतटली होती, ती तिने घट्ट फडक्याने बांधली होती आणि कुणी विचारलं तर "काय नाय" म्हणत होती. जाता जाता रखमाबाई उंबऱ्यात थांबून म्हणाली, "बनू, देवानं सून दिली तुना! एवढा झाला, पन डोल्यातना टिपूस नाय. तुज्यावर गेली हो."

या कौतुकाने एरवी बनूबाईची छाती फुगली असती. त्या दिवशी तिला ओकारी आली. खरोखरची. ती परसात गेली आणि पोफळीला धरून ओकली.

पुढची दीड वर्षं कशी गेली हे सांगण्यात अर्थ नाही. तशी ती कशीच गेली नाहीत. भात लावलं, कापलं, झोडलं. हिरामण कामावर जात होता, येत होता, जेवून ओटीवर बसत होता. त्याला काय वाटत होतं ते कुणी विचारलं नाही आणि बाप्याने ते आपण होऊन सांगायची पद्धतच नव्हती. राजी पहिल्यासारखीच काम करायची. बनूबाई मात्र थकली. एकटी असली की तिला ते बारा वाजलेले दिसायचे, सिस्टरचं पेन दिसायचं, आणि आपलं ते लाजून हसणं. मला ठाऊक होतं, मी बोलले नाही. हे वाक्य ती कुणाला सांगणार? नवऱ्याला? तो म्हणाला असता, देवाची करणी. राजीला? तिथे तर जीभच उचलायची नाही.

एकोणनव्वदच्या गणपतीनंतर राजीला पुन्हा पाचवा असल्याचं उघड झालं तशी बनूबाईची झोप उडाली. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा तसंच होऊ शकतं, जरा काही वाटलं तर लगेच बोलायचं. लगेच बोलायचं! डॉक्टरांना काय, सांगून मोकळे. जी पोर दोन वर्षं खपून बोलणं विसरायला शिकवली, तिला बोलायला आता कुणी शिकवायचं?

बनूबाईनेच ठरवलं. एका दुपारी राजीला घेऊन ती नदीकडच्या मळ्यात गेली. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं.

"ओरड," बनूबाई म्हणाली.

"आँ?"

"ओरड. मोठ्यानं. आय गं म्हन."

राजीला वाटलं, म्हातारीला ऊन लागलं. "कशाला, आत्या?"

"मी सांगते म्हनून."

राजीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि "आय गं" म्हणाली. खोकल्याएवढा आवाज निघाला. बनूबाई म्हणाली, "हा काय? मांजर तरी बरा." राजीला हसू आलं. मग बनूबाईने स्वतः करून दाखवायचं ठरवलं, कमरेवर हात ठेवले, छाती भरून घेतली, आणि तिच्याही गळ्यातून काहीच निघेना. नुसती हवा. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग बांधावर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. त्या हसण्यात बनूबाईच्या मनात आलं, आता सांगावं. पण राजी दोन वर्षांत पहिल्यांदा अशी हसत होती. नाही सांगितलं.

त्या दोघी तशा सातआठ वेळा मळ्यात गेल्या. गाव गावच असतं, कुणीतरी पाहिलंच. रखमाबाई म्हणाली, "ऐकला का, बनू सुनेला बोंबलायला शिकवते! पिकला पान, डोका फिरला." बनूबाईने तिकडे कानाडोळा केला. राजी मात्र खोकल्यापुढे काही गेली नाही. चारचौघांत तर तोंडच उघडेना. जित्याची खोड, पण ही खोड तिची नव्हती, लावलेली होती. लावलेली खोड काढायला लावायच्या दुप्पट दिवस लागतात, आणि तेवढे दिवस हातात नव्हते.

पौषात, सकाळी आठला, राजी पुन्हा त्याच खोलीत, खिडकीकडच्या खाटेवर. दुसरा दवाखाना बघू, असं हिरामण म्हणाला होता, पण डॉक्टर हेच, कागद इथलेच. कुंदा सिस्टरही तीच होती. तिने राजीला ओळखलं आणि तिचा चेहरा उतरला. सुंदराबाई आयाने मात्र ओळखून तोंड भरून म्हटलं, "ही ती शहाणी ना? हिचं काही टेन्शन नाही बाबा. आवाज नाही हिचा."

बनूबाईने स्टूल ओढून राजीच्या खाटेला टेकवलं.

दहाच्या सुमाराला राजीने खाटेची कड धरली. धरली ती सोडेना. बोटांची नखं पांढरी पडली. बनूबाई बघत होती, मनात मोजत होती, आता सोडेल, आता सोडेल. नाही सोडली. आणि मग राजीचा हात आपोआप पदराकडे गेला, पदर गोळा झाला आणि तोंडाकडे चालला. आपण होऊन. कुणी न सांगता.

बनूबाईने तो पदर धरला.

तेवढ्यात कुंदा सिस्टर आली. घाईत होती, पण थांबली. "राजी, खरं सांग. किती दुखतंय?"

राजीने सासूकडे पाहिलं, आयाकडे पाहिलं, शेजारच्या अनोळखी बायकांकडे पाहिलं. "जरासा," म्हणाली.

सिस्टरने हातातल्या कागदाकडे पाहिलं. बनूबाई उठली आणि तिने सिस्टरचं मनगट धरलं.

"लिवू नका. सिस्टर, ते लिवू नका. आमच्या घरात जरासा म्हंजे मरनाचा. कळ थांबत नाय तिची. हात लावून बघा. मागल्या टायमाला पन तिनं मना सांगितला होता. अकरा वाजता सांगितला होता. मी पोटाला हात लावला, पोट दगड लागला मना. मना ठाव होता, सिस्टर. तुमी सून गुनाची म्हनालात आन् मी गप बसले. मी हसले. मीच गप बसले."

सुंदराबाई तोंड उघडं टाकून उभी राहिली. बनूबाईला वाटलं, धरणी दुभंगावी.

राजी कोपरावर उठली. चेहरा घामाने निथळत होता. "तुमाला ठाव होता?"

बनूबाईने सिस्टरचं मनगट सोडलं.

"तुमाला ठाव होता? मी सांगितला होता तुमाला! आत्या, मी सांगितला होता! माझा पोर गेला! माझा पोर!" आणि मग शब्द संपले आणि नुसता आवाज आला. दोन वर्षांचा साठलेला आवाज. त्यात कळ होती, राग होता, घरी न आलेला मुलगा होता, फडक्याने बांधून घातलेलं दूध होतं. ती ओरडली आणि ओरडतच राहिली. खाली फुटपाथवर हिरामणने तो आवाज ऐकला आणि कुणाचा आहे ते त्याला ओळखता आलं नाही. सुंदराबाई सवयीने "ए, ओर—" म्हणाली, तशी कुंदा सिस्टर तिच्यावर उसळली, "गप्प बसा तुम्ही! ओरडू दे तिला. डॉक्टरांना बोलवा आधी, धावा!" सिस्टरचा हात राजीच्या पोटावर होता.

पाऊण तासात राजीला आत घेतलं आणि पोट उघडून मूल काढलं. मुलगी. लहानखुरी, निळसर, पण जिवंत. डॉक्टर म्हणाले, वार सुटायला लागली होती, अगदी वेळेवर कळलं.

हिरामणने पेढे वाटले. बाळाजी गावाहून येऊन नातीला बघून गेला. राजी मात्र सासूशी बोलली नाही. पहिला दिवस नाही, दुसरा नाही, तिसरा नाही. बनूबाई सकाळी पेज घेऊन यायची, ती राजी खायची. मूल सासूच्या हातात द्यायची. पण तोंड भिंतीकडे. बनूबाई स्टुलावर बसून राहायची. तिला वाईट वाटत होतं, खूप वाईट, आणि ते वाटायलाच हवं असंही वाटत होतं. कधीतरी कुंदा सिस्टर येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवून जायची. सिस्टरने आता एक नवीन सवय लावून घेतली होती. कुठलीही बाई दाखल झाली, की ती आधी पोटाला हात लावायची आणि मग बरोबरच्या बाईला विचारायची, "तुमच्या घरात जरासं म्हणजे किती?" बायका गोंधळायच्या, हसायच्या. काही मात्र हसता हसता थांबायच्या.

चौथ्या दिवशी राजीने भिंतीकडचं तोंड वळवलं.

"मना तुमचा राग हाय," ती म्हणाली. "मी इसरनार नाय."

"नको इसरू," बनूबाई म्हणाली.

"मेल्याशिवाय इसरनार नाय."

"नको."

मूल कुरकुरलं, राजीने त्याला थोपटलं. मग एकदम ती सासूवर खेकसली, "बसल्या काय नुसत्या? टाके दुखतायत माझे! लय दुखतायत, सहन होत नाय! सिस्टरला बोलवा ना!"

या शब्दांसाठी बनूबाईने देवाला नवस बोलला असता. ती उठली. गुडघे धरलेले, पायांत चप्पल नाही, तशीच दारात गेली. बाहेरच्या लांब व्हरांड्यात दोन्ही बाजूंना भेटीच्या वेळेला आलेली माणसं बसली होती, बाप्ये, परके, सिंधी, मराठी, सगळे. बनूबाईला लाज वाटली. जन्मभराची सवय, ती काय चार दिवसांत जाते? लाज वाटली, तरी तिने छाती भरून घेतली आणि साऱ्यांदेखत ओरडली, "सिस्टर! ओ सिस्टर! आमच्या सुनेला दुखतंय हो! लय दुखतंय!"